अंगठ्यानं उडवलेलं विमान

आयुष्यात मी दोनेकशे विमानं पाडली असतील. त्यातली निम्मी तर जमिनीवरून उठलीसुद्धा नव्हती. ही बढाई नाही, कबुली आहे. आणि पुढे जे सांगायचं आहे त्याच्या मानानं फारच किरकोळ कबुली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. नट, बोल्ट, बेअरिंग किती आले न किती गेले, ते लिहायचं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. तीन महिन्यांचा कोर्स केलेली अख्ख्या ऑफिसात मी एकटीच निघाले, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. त्याला स्वतंत्र खोली होती, खोलीला एसी होता. चपला दाराबाहेर काढायच्या, आत खायचं-प्यायचं काही नाही. वर्क्स मॅनेजर साहेबसुद्धा नुसत्या मोज्यांवर आत यायचे आणि मला विचारायचे, "मॅडम, बसू का?" तीस वर्षांच्या बाईला मॅनेजरनं असं विचारलं की तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं आधीही फारसं नव्हतं. मी त्या मॉनिटरसाठी झालरीचं झाकण शिवलं होतं, गुलाबी रंगाचं. हेही आताच सांगून टाकते.

कोणीतरी मुंबईहून एक फ्लॉपी आणली आणि त्यातून लढाऊ विमानांचा खेळ आमच्याकडे आला. काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघा. दोन रेघा म्हणजे धावपट्टी, वेड्यावाकड्या तीन रेघा म्हणजे डोंगर, आणि अधिकचं चिन्ह हललं की तो शत्रू. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती पलंगावरून खाली पडेपर्यंत हसली. पण आम्ही तेव्हा जेवणाच्या सुटीत त्या रेघांपुढे श्वास रोखून उभे असायचो.

खेळात चार विमानं होती. तीन कोणालाही उडवता यायची. चौथं फार जुनं, जेट विमानं नुकती निघाली होती त्या काळातलं. ते काही केल्या उठायचं नाही. इंजिनाची ताकद वाढवायचं एक बटण होतं. ते एकेकदा दाबत गेलं की दहा, वीस, तीस असा आकडा चढायचा. पण शंभर झाले तरी ते विमान बैलबंडीसारखं हलत-डुलत जायचं, धावपट्टी संपायची, टिर्र असा आवाज व्हायचा, आणि मेलं. दोन-चार दिवसांत सगळ्यांनी त्याचा नाद सोडला.

"म्हातारं झालं ते, मॅडम," लेथवरचा एकजण म्हणाला. "त्याले पेन्शन देऊन टाका."

मी नाद सोडला नाही. खोलीत खायला बंदी, म्हणून मी माझा डबा वॉचमनला द्यायला लागले आणि उपाशीपोटी विमान पळवायला लागले. वॉचमन त्या वर्षी चांगला अंगानं भरला. मी पदर खोचून बसायचे आणि पडद्याला म्हणायचे, "ऊठ नं बाप्पा, काहून जीव घेऊन राहिला?" असं करता करता एक दिवस वैतागून भलतंच बटण दाबलं. ते होतं एकदम पूर्ण ताकदीचं. एरवी ते हवेत गेल्यावर, शत्रू मागे लागला की दाबायचं. मी ते उभ्या विमानाला दाबलं, आणि म्हातारं असं काही सुटलं की मीच खुर्चीत मागे सरकले.

मग हळूहळू ध्यानात आलं. ज्यानं तो खेळ लिहिला, त्याच्याच हातून कुठेतरी चूक झाली होती. पायरीपायरीनं ताकद वाढवली की पडद्यावर आकडा चढायचा, पण विमानाला ती ताकद मिळायचीच नाही. शून्यावरून एकदम शंभर केली तरच ते उठायचं. वर गेल्यावर ताकद एकदा कमी केली की पुन्हा चढायची नाही, म्हणून हवेत त्या बटणांना हात लावायचा नाही. विमानात खोट होती आणि ती मला सापडली होती. एवढीच काय ती गोष्ट. मी ती चारचौघांत सांगायला हवी होती आणि सगळ्यांनी मिळून ते विमान उडवायला हवं होतं.

मी काय केलं? पूर्ण ताकदीचं बटण अगदी खालच्या ओळीत होतं. मी डावा हात पडद्याकडे करायचे, "तो डोंगर पाहा हं, तिकडून येतो तो," आणि सगळ्यांच्या माना डोंगराकडे वळल्या की उजव्या अंगठ्यानं हळूच ते बटण दाबायचे. म्हातारं उठायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

"कसं जमते मॅडम तुम्हाले?"

"हातात असावं लागते," मी म्हणायचे.

हातात! स्टोअरची कारकून, आयुष्यात कधी स्कूटरही न चालवलेली. चार लोकांसमोर मनगट फिरवून मी हे म्हणायचे.

आता मामाजींचं सांगते. मामाजी म्हणजे माझे सासरे. हवाई दलात इंजिन फिटर होते. रिटायर होऊन नागपूरला घरी आले आणि दोन वर्षांत माझ्या सासूबाई गेल्या. माझा नवरा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये पाळीवर, मुलगी शाळेत, मी हिंगण्याला. घरात दिवसभर एकटे मामाजी. मोहल्ल्यातले सगळे स्टोव्ह, पंखे, शिलाई मशिनी त्यांनी दुरुस्त करून टाकल्या. मग काहीच उरलं नाही. दुपारभर ते काही बिघडलेलं सापडतं का म्हणून घरात हिंडायचे. माझा ठणठणीत मिक्सर त्यांनी दोनदा दुरुस्त केला. संध्याकाळी मी आले की विचारायचे, "काही बंद पडलं का, बेटा?" आणि मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

त्याच सुमारास कारखान्यात आठ शिकाऊ पोरं घेतली. त्यांना हाताचं काम शिकवायला, म्हणजे कानस कशी धरायची, माप कसं घ्यायचं, हे शिकवायला साहेबांना अनुभवी माणूस हवा होता. आठवड्यातून तीन दिवस. माझे सासरे विमानाच्या इंजिनांवर काम करायचे हे साहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "खंडेनवमीला घेऊन या त्यांना. भेट होईल, बोलून टाकू."

मी घरी हे सांगितलं. मामाजी उठून आत गेले आणि पेटीतून खाकी कापडाची गुंडाळी काढून आणली. त्यात त्यांच्या कानशी होत्या, एकीला दुसरी लागू नये म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. त्या त्यांनी वऱ्हांड्यात ओळीनं मांडल्या आणि एकेक ब्रशनं साफ करत बसले. मला वाटतं चार दिवस ते तेच करत होते.

आणि मला मनातून ते नको होतं. कारण ऐका. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर आम्हा तिघी-चौघींचा अड्डा असायचा. मी तिथं फुटाणे खात, मोठमोठ्यानं हसत, साहेबांच्या चालण्याची नक्कल करत यायचे. घराजवळ शंकरनगरला उतरायच्या आधी पदर नीट करायचे की झाली मी सून. त्याच बसमध्ये तीन दिवस सासरे बसणार म्हणजे माझा एक तास गेला. एका माणसाच्या उरलेल्या आयुष्यापुढे माझे फुटाणे. पण तेव्हा मला ते फुटाणे मोठे वाटत होते.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं धुऊन पुसून काढतात. लेथला, ड्रिलला झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. नारळ फुटला की मेन स्विच बंद. मग दसरा होईपर्यंत मशीनला कोणी हात लावत नाही. त्या दिवशी घरच्या माणसांना आत येता येतं. बायका-पोरं येतात, आपला माणूस कुठं उभा राहतो ते बघून जातात, बुंदी आणि चिवडा खातात.

मामाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. प्रत्येक मशीनपुढे थांबून हात जोडत होते, आणि हात जोडता जोडता वाकून खालून तेलही बघत होते. आठ पोट्टे त्यांच्या मागेमागे. एकाला त्यांनी विचारलं, "व्हाइसच्या पकडीत पत्रा किती वर ठेवतो गा?" त्यानं हातानं दाखवलं. "इतका ठेवशील तर कानशीखाली तो दिवसभर ओरडन," मामाजी म्हणाले. पोट्टे हसले. साहेबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. काम झाल्यातच जमा होतं.

मग सगळे माझ्या खोलीत आले. कॉम्प्युटरलाही माळ घातली होती, कुंकू मीच लावलं होतं. कोणीतरी म्हणालं, मॅडम, विमान दाखवा पाहुण्यांना. फोरमन जुन्या वळणाचे, ते म्हणाले, "पूजा झाल्यावर मशीन चालवत नसतात." साहेब म्हणाले, "अहो, काम करायचं नाही. खेळायला काय हरकत आहे?" हे सगळ्यांना पटलं. ऑफिसची लाइट चालू होतीच.

मामाजींनी चष्मा लावून विमानांची यादी वाचली आणि चौथ्या नावावर बोट ठेवलं. "हे? याच्या इंजिनावर मी अकरा वर्षं काढली."

"मग काय काका," साहेब हसत म्हणाले, "बसा! आज तुमचा हात बघू, मग पोरांचं बोलू."

मी उठले आणि त्यांना खुर्ची दिली. कोणतं बटण कशाचं ते सांगितलं. पूर्ण ताकदीचंही सांगितलं, खोटं कशाला बोलू. फक्त म्हटलं, "हे हवेत गेल्यावर लागते."

मामाजींनी ताकदीच्या बटणावर बोट ठेवलं आणि दहा केले. थांबले. वीस केले. मागून कोणी तरी म्हणालं, काका, जोरात घ्या. "नाही गा," ते म्हणाले, "या इंजिनाले एकदम तेल दिलं तर ते विझून जाते. लहान पोराले घास भरवतो नं, तसं द्यावं लागते." शिकाऊ पोट्टे कान देऊन ऐकत होते. तीस, चाळीस, करत करत शंभर झाले. बैलबंडी हलत-डुलत गेली. टिर्र.

खोलीत हसू पिकलं. मामाजीही हसले. दुसऱ्यांदा त्यांनी आणखी सावकाश केलं. टिर्र. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणालं, "काका, जोडी जुंपा समोर!" आणि शिकाऊ पोट्टेही हसले. मघाशी ज्याला व्हाइसचं विचारलं होतं, तो सगळ्यात जोरात.

मामाजींनी चष्मा काढला. "साहेब, हे इंजिन असं नसते. याच्यात काहीतरी चुकलं आहे."

"हो काका," साहेब म्हणाले, पण आवाज आता पाहुण्यांशी बोलायचा झाला होता.

मग मामाजी माझ्याकडे वळले. मदत मागायला नाही. ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याला दुसरा फिटर विचारतो तसं त्यांनी विचारलं, "बेटा, तू रोज चालवते. तूच सांग. याच्यात खोट आहे का?"

हो म्हणायचं होतं फक्त. एक अक्षर.

"नाही मामाजी," मी म्हणाले. "मशीन चांगलं आहे. हातात असावं लागते."

आणि नुसतं म्हणून थांबले नाही. बसून दाखवलं. डावा हात डोंगराकडे, उजवा अंगठा खाली. म्हातारं उठलं, मी दोन शत्रू पाडले, टाळ्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं तर मामाजी हात मागे बांधून उभे होते.

बाहेर निघताना साहेब त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही खूप केलं आयुष्यभर. आता आराम करा. पोरांचं बघतो आम्ही."

"हो साहेब," मामाजी म्हणाले. "बुंदी चांगली होती."

बसमध्ये ते पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. दसऱ्यासाठी बाहेरगावची माणसं दीक्षाभूमीकडे पायी निघाली होती, म्हणून बस लांबून नेली. तेवढा वेळ मला त्यांचं टक्कल दिसत होतं. त्या दिवशी मी फुटाणे खाल्ले नाहीत. याचं मला तेव्हा कौतुक वाटलं, की पाहा, आपल्याला किती वाईट वाटून राहिलं!

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला मी आपट्याची पानं घेऊन मामाजींच्या पाया पडले आणि वाकलेल्या अवस्थेतच बोलून गेले. समोरासमोर बघायचं नव्हतं.

"मामाजी, त्या विमानात खोट आहे. मले माहीत होतं."

त्यांनी पानं घेतली. मग म्हणाले, "ऊठ. कंबर दुखन." मी उठले. "तुझा अंगठा पाहिला मी. सगळे डोंगर पाहून राहिले होते. मी आयुष्यभर पोट्ट्यायचे हातच पाहिले, बेटा. पडदा काय पाहायचा?"

"मग तिथं बोलले काहून नाही?"

"काय बोलू? वीस माणसांत घरच्या सुनेले खोटी पाडू? तुले तिथं रोज जावं लागते."

मला रडू आलं. मला आपलं वाटलं, आता ते म्हणतील जाऊ दे, झालं गेलं. मीच मोठेपणा घेऊन म्हणाले, "मी साहेबांना सांगते. ऑफिस उघडलं की पहिले हेच सांगते." मनात होतं, ते म्हणतील नको, कशाला. सिनेमातले सासरे तसंच म्हणतात.

मामाजी म्हणाले, "सांग. सांगशील तर बरं होईन. मले ते काम पाहिजे होतं."

एवढं बोलून त्यांनी मला सोनं दिलं. त्यांनी माझ्याकडे लग्नानंतर मागितलेली ती पहिली गोष्ट. चहासुद्धा ते स्वतः करून घ्यायचे.

ऑफिस उघडलं त्या दिवशी साहेबांकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी साहेब मोकळे होते, तर मी स्टोअरमध्ये जाऊन उगीच बेअरिंग मोजत बसले. तिसऱ्या दिवशी केबिनच्या दारापर्यंत गेले. साहेब म्हणाले, "या मॅडम, या! परवा हेड ऑफिसच्या लोकांना तुमचं विमान सांगत होतो." मी हसले, आणि प्रिंटरच्या रिबनचा मागणीचा कागद सही करून घेऊन परत आले. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी ते विमान आणखी तीनदा उडवलं. लोकांनी आग्रह केला.

रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला की मामाजी वऱ्हांड्यात उठून उभे राहायचे. विचारायचे नाहीत. मी चपला काढेपर्यंत बघायचे आणि परत बसायचे. "काही बंद पडलं का" हेही त्यांनी त्या दिवसांत विचारलं नाही. माझ्याकडून एकाच गोष्टीची वाट बघत होते.

दुसऱ्या आठवड्यात पोरांना शिकवायला एक माणूस आला. भला होता, पण हातानं काम केलेला नव्हता. फळ्यावर कानशीचं चित्र काढून शिकवायचा. माझ्या काचेतून दिसायचं. आठ पोट्टे वह्या घेऊन कानशीचं चित्र उतरवून राहिले होते.

त्या दिवशी मी घरी आले. मामाजी उठून उभे राहिले. आता काहीतरी सांगणं भाग होतं, आणि मी सांगितलं.

"मामाजी, मी बोलले साहेबांशी. सगळं सांगितलं. पण ते म्हणाले, माणूस घेऊन झाला."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं. तोंड वाचायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच, माझ्यासाठी, त्यांनी तो सावरला. "असू दे," ते म्हणाले. "काम काय, मिळते नाही तर नाही. पण तू आपल्या तोंडानं साहेबाले सांगितलं, हे सोपं नाही, बेटा. मीही कदाचित सांगितलं नसतं."

मी म्हणाले, "त्यात काय एवढं."

पुढे त्यांनी हे मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं. आमची सून चुकली, पण तिनं मॅनेजरसमोर जाऊन कबूल केलं. माझ्या मुलीलाही सांगितलं, तुझ्या आईसारखं राहा म्हणून. ती आता स्वतः एका मुलीची आई झाली तरी तिच्या तोंडी ती गोष्ट आहे. मामाजी गेले त्याला कितीतरी वर्षं झाली. हे वाचून तिला पहिल्यांदाच कळेल.

पण त्या संध्याकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "थकली असशील," म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. कप माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभे राहिले.

मी एक घोट घेतला आणि त्यांना म्हणाले, "साखर कमी झाली, मामाजी."

ते साखर आणायला आत गेले.